दोन सुताचा फरक

सिद्धेश्वर, ता. औंढा नागनाथ, जि. हिंगोली
शुक्रवार, सकाळचा चहा झाल्यावर

चि. आकांक्षा हिस,

मोठ्या बाबाचा सप्रेम जय भीम आणि डोक्यावरून हात. (हात इथूनच फिरवतो, पोचला म्हणून समज.) आता तुला चिरंजीव लिहावं का डॉक्टरसाहेब लिहावं, याच्यावर मी चहाचे दोन कप खर्ची घातले. (चहा सध्या मीच करतो. काहून ते पुढं येईलच.) तुझा बाप रत्नपाल माझा धाकटा भाऊ, त्याची तू लेक, पाचवीपासून दहावीपर्यंत माझ्याच घरात वाढलेली, म्हणजे चिरंजीव बराबर. पण ज्या इस्पितळात मी टोपी काढून उभा राहतो तिथं लोक तुझ्यासाठी खुर्चीवरून उठतात, म्हणजे डॉक्टरसाहेबही बराबर. शेवटी असं ठरवलं, की खुशाली विचारायची तिथं चिरंजीव आणि काम मागायचं तिथं डॉक्टरसाहेब. तवा पत्रात जिथं डॉक्टरसाहेब दिसंल तिथं सावध हो.

तुझी तब्येत कशी आहे? बाहेरदेशी थंडी लई असते म्हणतात, तर कानाला बांधत जा, तिथली परिषद-बिरिषद काही बघू नको. जेवणाचे हाल असतील. तुझ्या मोठ्या मायनं दिलेली शेंगदाण्याची चटणी विमानतळावर उघडायला लावली आणि तपासणारा साहेब दहा मिनिटं शिंकत होता, असं तुझी आई ज्योती सांगत होती. (खरं असलं तर चांगलंच झालं, चटणी अस्सल असल्याची परीक्षा झाली.) इकडं सगळं ठीक. कॅनॉलला पाणी सुटलं आहे, हळद बरी आहे, आणि माझा डावा गुडघा जो पावसाळ्यापुरता कुरकुरायचा तो आता बारमाही झाला आहे. म्हैस व्याली, रेडा झाला. तुझी मोठी माय त्याच्या तोंडाकडं बघून म्हणाली, हुबेहूब आपला प्रमोद. एवढं बोलली आणि हसलीसुद्धा न्हाई, गोठा झाडत राहिली. (प्रमोद, माझ्या पोटच्या पोरा, ही पानं तूच हिंगोलीहून मोबाईलवर फोटो काढून पाठवणार आहेस हे मला ठाऊक आहे. फोटो काढायचा, वाचायचं न्हाई.)

आता फोन सोडून पत्र काहून, तर फोन तुझ्या मोठ्या मायच्या ताब्यात असतो. मी लावला की ती स्पीकर चालू करते, आणि मग तिच्याबद्दल जे बोलायचं ते तिच्यासमोर बोलावं लागतं, जे लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली तरी मला जमलेलं न्हाई. पत्राचं तसं न्हाई. मी कागद घेऊन बसलो की तिला वाटतं बांधकाम कामगाराचा अर्ज भरून राहिले, आणि त्या अर्जाजवळ ती फिरकत न्हाई, कारण त्याच्यात तिचं वय विचारतात.

तर मूळ गोष्ट अशी, की तुझी मोठी माय, सौ. सोजराबाई, शेक (तुमचं ते रेडिएशन) घ्यायला यायचं न्हाई म्हणून अडून बसली आहे. पंचवीस शेक ठरले होते, पंधरा झाले, दहा राहिले. मोठे डॉक्टर म्हणाले, एका आठवड्याचा खाडा चालंल, त्याच्यापुढं एक दिवससुद्धा न्हाई. सोमवारी सकाळी नऊ वाजता बाई टेबलावर पायजे, आणि बाई इथं चुलीपुढं बसून मेथी निवडून राहिली आणि म्हणून राहिली, मी काही येत न्हाई. यातलं अर्धं तुला माहीत असंल, पण मला क्रमानंच सांगू दे. पाया न भरता भिंत चढवणारा गवंडी मी न्हाई, आणि चाळीस वर्षांत माझी एक भिंत वाकडी गेली न्हाई. (सिद्धेश्वरच्या शाळेची कंपाउंडची भिंत वाकडी आहे ती पुंजाजीनं बांधली आहे. माझ्या नावावर खपवतात.)

छातीत गाठ निघाली तवा तूच धीर दिला. ऑपरेशन झालं तवाही तूच होतीस. पण घरी आल्यावरची सोजरा तुला माहीत न्हाई, कारण तुझ्यासमोर ती नीट बोलते. तिचं हसणं तुला आठवतं ना? आपल्या घरी ती हसली की कॅनॉलच्या पलीकडच्या तांड्यावरून मोतीबाई हाक मारायची, काय झालं गं, मलाही सांग. ते हसणं ऑपरेशनच्या टेबलावरच राहिलं म्हण. जेवते, कामं करते, विचारलं तर बरं आहे म्हणते, पण घर कसं सामसूम. चार महिने मी नाही नाही ते केलं. एकदा मुद्दाम शर्ट उलटा घालून बाजारात जायला निघालो, तर तिनं मुकाट्यानं सुलटा करून दिला. बाई गं, माणसाला रडवणं सोपं, पण चव्वेचाळीस वर्षं सोबत राहिलेल्या बायकोला हसवायला नवीन काय आणावं?

मग शेक सुरू झाले आणि तुझं ते संशोधन. एकाच कामात डॉक्टर, भौतिकशास्त्रवाली तू, कॅमेऱ्याचा इंजिनीयर आणि गणितं मांडणारा तो चष्मेवाला, असे चार धंद्यांचे लोक कशाला, हे मला पहिल्यांदा कळलं न्हाई. नंतर ध्यानात आलं. घराला गवंडी लागतो, सुतार लागतो, लोहार लागतो, वायरमन लागतो, आणि चौघं एकमेकांना नावं ठेवत ठेवतच घर उभं करतात. तुझं संशोधन मला तेवढ्यावर समजलं, आणि आजवर कुणी याहून चांगलं समजावून सांगितलं न्हाई. तू फॉर्म पुढं ठेवला तवा सोजरानं विचारलं होतं, याच्यात माझा काय फायदा. तू खोटं बोलली न्हाईस. म्हणालीस, मोठी माय, तुझा असंल नसंल, पुढच्या बायकांचा होईल. तिनं दोन ठिकाणी सही केली, एक जागेवर आणि एक जास्तीची, कमी पडायला नको म्हणून.

मला तर ती खोली लई आवडली. भिंतीतून हिरव्या उजेडाच्या रेघा निघतात, आडव्या आणि उभ्या, आणि माणसाच्या अंगावर बराबर काटकोन करतात. मी अख्खं आयुष्य ओळंबा आणि लाईनदोरी घेऊन जे केलं ते ही रेघ बसल्या जागी करते. मी संध्याला (ती मशीनवरची पोरगी, तुझी मोठी माय तिच्यासाठी दर सोमवारी भाकरी बांधून नेते) विचारलंही, की ही रेघ बांधकामाला भाड्यानं मिळंल का. त्या रेघा जुळाव्यात म्हणून त्यांनी सोजराच्या अंगावर तीन बारके ठिपके गोंदले, एक छातीच्या मधोमध, दोन दोन्ही बाजूंनी. तुझा कॅमेरा हे ठिपके बघतो आणि बाई रोज त्याच जागी निजली का ते ताडतो. आणि श्वास घेतला की छाती वर येते, ठिपके सरकतात, म्हणून ठरल्याएवढा श्वास भरून धरायचा, काळीज शेकापासून दूर जातं, आणि कॅमेऱ्यानं मान डोलावली की शेक सुरू. जरा हललं की बंद. या कामात तुझ्या मोठ्या मायनं नाव काढलं. फुंकणीनं चूल पेटवून कमावलेली छाती ती. वीस सेकंद धर म्हणाले तर चाळीस धरायची, आणि संध्या बाहेरून माईकवर ओरडायची, सोडा आजी, सोडा!

इथवर भिंत सरळ चालली होती. मग मशीनच्या देखभालीसाठी तीन दिवस सुट्टी आली आणि आमी घरी आलो. त्या तीन दिवसांत जवळा बाजार गावचा आठवडी बाजार होता. सोजरा आणि तांड्यावरची मोतीबाई मिरच्या आणायला म्हणून गेल्या. मोतीबाई तुला ठाऊक आहे, नेमसिंगची आई, मनगटापासून खांद्यापर्यंत गोंदलेली, बोटभर जागा रिकामी न्हाई. मिरच्या आणल्या त्यांनी. पण मिरच्यांच्या आधी दोघी गेल्या गोंदणारीकडं, जी हल्ली छत्रीखाली बॅटरीचं मशीन घेऊन बसते, आणि लुगड्याचा आडोसा करून तुझ्या मोठ्या मायनं छातीवर, इस्पितळाच्या मधल्या ठिपक्याच्या शेजारीच, अजून एक ठिपका गोंदून घेतला. तिनाचे चार केले.

आता तू विचारशील, काहून? तर बाई, जुनी माणसं. तीन तिगाडा काम बिगाडा हे तिच्या डोक्यात बसलेलं. तिची आई म्हणायची, दागिने इथंच काढून घेतात, गोंदण तेवढं संगं येतं. हनुवटीवरचा ठिपका आणि मनगटावरचा मोर आठव्या वर्षी गोंदलेला, त्याच्यावर तिचा केवढा जीव. मी विज्ञानाचा माणूस, या गोष्टी मला पटत न्हाईत हे तुला माहीत आहे. मी असल्या अंधश्रद्धेच्या विरोधात समाजमंदिरात दोन वेळा भाषण केलं आहे. (तिसऱ्या वेळी लाईट गेली.) तर या प्रकरणात माझा काहीएक संबंध न्हाई, एवढं तू आधी ध्यानात घे.

सोमवारी टेबलावर घेतलं. सगळे बाहेर आले, जाड दार लागलं. आपण बाहेरच्या टीव्हीवर बघायचं. कॅमेऱ्यानं बघितलं आणि टेबल जरासं पायाकडं सरकवलं. परत बघितलं आणि टेबल तेवढंच डोक्याकडं सरकवलं. परत पायाकडं. त्याला एकदा हा ठिपका मधला वाटायचा आणि एकदा तो. असे सात झोके झाले. तुझी मोठी माय आत पाळण्यात निजल्यासारखी श्वास धरून, आणि बाहेर सगळ्यांनीही श्वास धरलेला. मग यंत्र थांबलं आणि लाल अक्षरात लिहून आलं, पेशंटची ओळख पटत नाही. मी म्हणालो, अहो, मी पटवतो ना, शंभर बायांत ओळखीन मी तिला! पण तिथं नवऱ्याची साक्ष चालत न्हाई.

मग सुरू झाला तुझा चार धंद्यांचा मेळ. मोठे डॉक्टर म्हणाले कॅमेरा बिघडला. कॅमेऱ्याचा इंजिनीयर म्हणाला टेबल हललं. टेबलवाल्यांनी चष्मेवाल्याच्या गणितावर ढकललं, चष्मेवाला म्हणाला मुळातला स्कॅनच नीट निघाला नसंल, म्हणजे परत मोठ्या डॉक्टरांवर. मला सगळं ओळखीचं वाटलं. भिंतीला भेग पडली की गवंडी म्हणतो सिमेंट, सिमेंटवाला म्हणतो वाळू, वाळूवाला म्हणतो पाणी, आणि पाणी बिचारं काही बोलत न्हाई. अडीच तास गेले. टेबल तपासलं, कॅमेरा पुसला, हिरव्या रेघा मोजल्या. शेवटी चष्मेवाल्यानं जाहीर केलं, की फरक सहा मिलिमीटरचा आहे, सातही वेळा बराबर सहा. सहा मिलिमीटर म्हणजे आमच्या गवंडीकामात दोन सूत. (मी कोपऱ्यात उभा होतो. मीही काही बोललो न्हाई.)

शेवटी संध्या आत गेली आणि नुसत्या डोळ्यांनी बघून बाहेर आली. चेहरा असा, की हसावं का रडावं तिला कळंना. चार शिकलेल्या माणसांनी लाखमोलाच्या यंत्रातून जे बघितलं न्हाई ते त्या पोरीनं वाकून बघितलं. सोजराला विचारलं, आजी, तुम्ही आधी काहून सांगितलं न्हाई? तर ही म्हणते कशी, मला कुणी इचारलंच न्हाई, सगळे यंत्रालाच इचारून राहिले होते!

मोठे डॉक्टर लई रागावले, आणि खरं सांगतो, त्यांचं चुकलं न्हाई. शेक घेतलेली कातडी किती नाजूक, तिच्यात बाजारातली सुई, पिकलं असतं तर केवढ्याला पडलं असतं, असं सगळं बोलले. मी मान खाली घालून ऐकलं. सोजरानंही ऐकलं, व्हय व्हय म्हणाली, चुकलं म्हणाली. कातडीला मलम दिलं, नवा स्कॅन काढला, पुढच्या सोमवारपर्यंत थांबा म्हणाले. सगळं मिटलं होतं. पण निघता निघता डॉक्टर म्हणाले, आणि हा जादाचा ठिपका काही दिवसांनी लेसरनं काढून टाकू. झालं. बाईचा चेहराच बदलला. उठली, पिशवी घेतली आणि बसस्टँडापर्यंत माझ्या दहा पावलं पुढं चालत गेली. गाडीत बसल्यावर एकच वाक्य बोलली, ठिपका काढणार असतील तर मी पाय ठेवत न्हाई तिथं.

सोमवारपासून तेच. प्रमोद हिंगोलीहून येऊन समजावून गेला, त्याला तिनं किलोभर हळद बांधून दिली आणि वाटंला लावलं. (प्रमोद, हे वाचत असशील तर लाज वाटू दे.) मग मी मोतीबाईला बोलावलं, की तूच नेली होतीस, आता तूच समजाव. मोतीबाईनं ठिपका बारकाईनं बघितला, गोंदणारीचा हात हलका न्हाई म्हणून नाक मुरडलं, सोजराशी अर्धा तास काहीतरी कुजबुजली आणि बाहेर येऊन मलाच म्हणाली, ती बराबर आहे, तुमी गप बसा. काय कुजबुजल्या ते दोघींपैकी एकीनं सांगितलं असलं तर शपथ. मी तिला चहा करून देतो, पाणी तापवून देतो, म्हशीचं शेण काढतो. पोरी, हसण्यावारी नेऊ नको, मला भेव वाटून राहिलं. गाठ निघाली तवाही मी एवढा भ्यालो न्हाई, कारण तवा ती माझ्याबरोबर होती. आता ती एका ठिपक्याच्या बाजूनं आणि मी दहा शेकांच्या बाजूनं. एवढ्याशा ठिपक्यापायी माणूस जिवाशी खेळतं का गं? सोजरा घरात न्हाई असं घर मला बांधता येत न्हाई, मग राहता कसं येईल.

पान संपलं म्हणून थांबतो, बोलणं संपलं म्हणून न्हाई. तिकडं कुणी गवंडी भेटला तर विचार, वीट कशी लावतात ते. चटणी जपून खा, एवढी तिखट तिकडं मिळायची न्हाई.

तुझा मोठा बाबा,
अमृतराव

ता. क. डॉक्टरसाहेब, (सावध झालीस ना?) रविवारी सकाळी तुझी मोठी माय फोन घेऊन ओट्यावर बसते तवा फोन कर. स्पीकर चालूच असंल. मी तिथं नसल्यासारखा बसतो. तिला कडक आवाजात सांग, की मोठी माय, हट्ट सोड, सोमवारी जा, आणि ठिपका काढतील तर काढू दे. तुझं ती ऐकंल. आणि तुझ्या संशोधनाच्या कागदातून तिचं नाव कापू नको, जमलं तर. तिनं दोन सह्या केल्या आहेत.

ता. क. आणखी एक. वरच्या पत्रात माझा काहीएक संबंध न्हाई असं जे लिहिलं, ते पेन्सिलीनं लिहिलं असतं तर आता खोडलं असतं. त्या सुट्टीत घरी आल्यावर पहिल्याच दिवशी मी त्या तीन ठिपक्यांकडं बघून राहिलो होतो. सवय आहे, काय करू. मला मधला ठिपका रेषेत दिसंना. ती म्हणाली, इस्पितळाच्या लोकांनी हिरव्या रेघेनं लावला आहे. मी म्हणालो, रेघ त्यांची आणि डोळा माझा. मग खाटेवर निजवलं, लाईनदोरीचं एक टोक तिच्या हातात देऊन उजव्या ठिपक्यावर धरायला लावलं, दुसरं मी डाव्या ठिपक्यावर धरलं, एक डोळा मिटून बघितलं, तर मधला ठिपका दोरीपासून दोन सूत बाहेर! कानावरची पेन्सिल काढली आणि बराबर जागेवर खूण केली. मापाला तकलीफ लई झाली, कारण भिंत हलत न्हाई आणि ही सारखी हलत होती. पण माझं माप आजवर चुकलेलं न्हाई. मी तिला म्हणालो, तुला वाकड्या रेषेत शेक देऊन राहिले. मला काय ठाऊक, ही बाजारात जाऊन माझ्या पेन्सिलीवरच गोंदून येईल! तीन तिगाडा वगैरे ती काही बोलली नव्हती, ते मी घातलं. इस्पितळापेक्षा तिनं माझ्या डोळ्यावर भरवसा ठेवला, आणि त्याच्यापायी तिचा शेक चुकला, हे मला कुणाला सांगता येत न्हाई, म्हणून तुला सांगितलं. डॉक्टरांना कळवायचं असलं तर कळव. फक्त चष्मेवाल्यासमोर सांगू नको.

ता. क. आकांक्षा बाय, ह्ये मी लिहून राहिले, तुझी मोठी माय. अक्षर समजून घे. ह्यायनं कागद पिठाच्या डब्याखाली लपवला अन् म्हशीकडं गेले. पिठाच्या डब्याखाली! भाकऱ्या काय ह्ये करतात व्हय? सगळं वाचलं. दोन सूत लिहिलं हाय ते खोटं हाय. खोटं म्हंजे, त्यायला ठाऊक न्हाई. इस्पितळाचा ठिपका बराबरच होता. ह्यायनं दोरी धरली, कानावर पेन्सिल, एक डोळा मिटलेला, अन् मला म्हणले, हलू नको सोजरा, भिंत कधी हलती का. मला आसं हसू फुटलं की तोंडात पदर कोंबला. ऑपरेशनपासून पयलं हसू बाय. छाती वर आली, ठिपका सरकला, अन् ह्यायनं नेमकी तवाच खूण केली. डोळा दोरीवर होता, माझ्याकडं बघितलंच न्हाई. खूण चुकली ह्ये मला तवाच कळलं. तरी मी बाजारात जाऊन तीच गोंदून घेतली. गोंदण तेवढं संगं येतं म्हणतात, मंग त्ये हसू संगं न्यायचं तर कसं न्यायचं? मोतीबाईला सांगितलं तर ती रडली येडी. सुई टोचायची नव्हती, त्ये माझं चुकलं, परत न्हाई करणार. पण तुझ्या यंत्राला सांग, तो ठिपका शेकाचा न्हाई, माझा हाय. वरून पट्टी लावा, झाका, काय करायचं ते करा, पण काढायचा न्हाई, एवढं मोठ्या डॉक्टरला तूच सांग. मी सोमवारी नऊला टेबलावर हाय. तू न्हाई सांगितलंस तरी जाणारच होते, दहा शेक सोडायला मी काय येडी हाय? संध्यासाठी तीळ लावून भाकरी करायची म्हणून कालच तीळ निवडले. ह्यायला एवढ्यात बोलू नको. कागद मीच नेमसिंगच्या हाती प्रमोदकडं धाडते, ह्यायला म्हणीन, अर्ज समजून धाडला. रविवारी तुझा फोन झाल्यावर मीच सांगते. तवर दोन दिस चहा आयता मिळतो, साखर जास्त घालतात, पण चालतंय.